पेंचच्या आकाशातला दांडा

मेच्या मध्यात, चंद्र नसताना, पहाटे अडीचच्या सुमारास पेंचच्या रानालगत उभं राहून दक्षिणेकडे पाहावं. क्षितिजापासून साधारण 40 अंशांवर, धनू राशीत, आकाशगंगेचा पट्टा सर्वांत दाट होतो. नागपूरच्या दिव्यांनी तो केव्हाच पुसून टाकला. पेंचभोवतीच्या गावांनी मात्र रस्त्यावरच्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली आणि जानेवारी 2024 मध्ये पेंच देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. त्या दाट भागापासून बोट वर डावीकडे, श्रवण ताऱ्याच्या दिशेनं सरकवा. आकाशगंगेच्या मधोमध असलेल्या ताऱ्यांच्या दांड्याचं आपल्याकडचं टोक त्या बाजूला आहे.

दांडा म्हटलं की लोखंडी कांब डोळ्यांपुढे येते. इतर दीर्घिकांमधल्या अशा दांड्यांची छायाचित्रं पाहून माझाही बरीच वर्षं तसाच समज होता. खरं तर तिथे आहेत फक्त सुटे तारे आणि त्यांच्या वाटा. तारा केंद्राभोवती फिरतो तसा आत-बाहेरही झुलतो. म्हणून त्याची वाट लांबट होते, आणि ती लांबट वाट स्वतःही सावकाश वळत राहते. दीर्घिकेच्या आतल्या भागात वळण्याचा हा वेग बऱ्याच ताऱ्यांचा जवळपास सारखा असतो. काही वाटा एका दिशेला आल्या, की त्यांचं एकवटलेलं गुरुत्व शेजारच्या वाटांनाही त्याच दिशेला ओढून धरतं. खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी 1979 मध्ये ही उकल मांडली.

दांड्याबरोबर फिरत पाहिलं, तर झोपाळा जसा दोन्ही टोकांशी क्षणभर थबकतो, तसे तारे लांबट वाटेच्या टोकांशी रेंगाळताना दिसतील. पुढे दांडा आपली फिरकी भोवतालच्या, न दिसणाऱ्या कृष्ण पदार्थाला देत जातो. वाटा आणखी लांबतात, दांडा वाढतो आणि मंदावतो.

आपला दांडा धुळीआड असल्यानं उशिरा कळला. वायूच्या गतीवरून द वोकुलर या खगोलशास्त्रज्ञांना 1964 मध्येच शंका आली होती. ठोस पुरावे अवरक्त निरीक्षणांतून 1990 नंतर मिळाले. एकाच जातीचे तारे केंद्राच्या एका बाजूला अधिक तेजस्वी दिसले, म्हणजे ती बाजू जवळची.

या दांड्याच्या एका फेरीला सुमारे 16 कोटी वर्षं लागतात. नागपुरातली सीताबर्डीची टेकडी ज्या लाव्ह्याची बनली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तेव्हापासून दांड्याची अर्धी फेरीही झालेली नाही.