आधी व्यसन सोड, मग गोळी?

बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनावरून छोटा उदेपूरकडे गाडी जाते. मावशीकडे गेलो असताना होळीच्या तोंडावरची तिथली गर्दी मी पाहिली. शहरात मजुरीला आलेले राठवा आदिवासी गावाकडे, कवांटच्या जत्रेला निघालेले. रोजची गोळी, मग ती क्षयाची असो वा एचआयव्हीची, सुटते ती अशाच प्रवासात. औषध मिरजेला आणि घर अथणीला, अशा आपल्या सीमाभागाला हे वेगळे सांगायला नको.

त्यात व्यसन असले की घरचे म्हणतात, ‘आधी ते सोड, मग औषधाचे बघू.’ हा सल्ला मला घातक वाटतो. व्यसन सुटायला वर्षे लागतात. विषाणू तेवढा थांबत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे तो ईशान्येकडील आदिवासी राज्यांत. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण देशात ०.२१ टक्के, तर मिझोराममध्ये २.७० टक्के होते. शेजारच्या मणिपुरात १९९० च्या सुमारास हेरॉइन टोचण्याच्या सामायिक सुयांमधून हा विषाणू झपाट्याने पसरला. अशांसाठी सरकारी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज जिभेखाली ठेवायला देतात. तलफ शमते, सुई सुटू लागते आणि माणूस रोज दारात येतो. रोज येणाऱ्याला एचआयव्हीच्या गोळीची आठवण करून देणे किती सोपे!

भारतात मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. २०१७ पासून तर निदान झालेल्या प्रत्येकाला ते देण्याचे धोरण आहे. व्यसन सोडण्याची अट त्यात नाही. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. वारंवार खंड पडला तर मात्र तो औषधाला दाद देईनासा होतो.

दारू प्यायल्यावर ‘दोन्ही मिळून विष होईल’ या भीतीने त्या दिवशीची गोळी टाळणारे बरेच असतात. टाळू नये. दारू वाईटच, पण गोळी चुकवून ती चांगली होत नाही. पित्ताची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे; डोल्युटेग्राविर आणि तिच्यात काही तासांचे अंतर लागते. गावी जायचे तर आधी केंद्रात बोलावे. जास्त दिवसांचे औषध किंवा तिकडच्या केंद्रातून घेण्याची सोय होऊ शकते. समोर विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. संमतीशिवाय कुणाची बाधा उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, हेही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आणि घरच्यांनी पोलिसी चौकशी करू नये. रात्री जेवणानंतर आपण रक्तदाबाची गोळी घेतो, तेव्हाच ‘घेतलीस का रे?’ किंवा ‘गुळिगी तगोंडी?’ एवढे विचारावे. तो पिऊन आला असेल त्या रात्रीही, त्याच आवाजात.