घरच्या टेबलावर पृथ्वीचा इतिहास

ऐतिहासिक भूविज्ञान खडक आणि जीवाश्मांवरून पृथ्वीचा भूतकाळ उलगडते. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना त्याची बरीच प्रात्यक्षिके घरीच करता येतात.

🔍 खडकांची ओळख: दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून वालुकाश्माचे कण दिसतात. चुनखडीची थोडी पूड करून तिच्यावर व्हिनेगर टाकले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात.

🐚 जीवाश्म: ट्रायलोबाइट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले, अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणून ज्या थरात ते सापडतात त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

🪨 थरांचा क्रम: निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, उलथापालथ झालेली नसेल तर खालचा थर आधीचा असतो. थरांना छेदणारी भेग किंवा अग्निज भिंत त्या थरांनंतरची असते. खडकाच्या छायाचित्रावर हा क्रम लावण्याचा सराव करावा.

🪙 अर्धायुष्य: १०० नाणी उधळून छापा पडलेली दर फेरीला बाजूला काढावीत. उरलेली नाणी साधारण ५०, २५, १२ अशी घटतात. किरणोत्सारी मूलद्रव्ये याच रीतीने घटतात. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे आहे.

📏 कालपट्टी: ४.६ मीटर कागदी पट्टीवर १ सेंटिमीटर म्हणजे १ कोटी वर्षे. डायनोसॉरांचा अंत आणि दख्खनचे लाव्हा थर वर्तमानापासून ६.६ सेंटिमीटरवर येतात. आधुनिक मानवाची ३ लाख वर्षे जेमतेम ०.३ मिलिमीटर.

प्रत्येक निरीक्षणाची आकृती आणि नोंद वहीत जरूर करा. प्रात्यक्षिकाचा खरा अभ्यास तिथेच होतो.