चामखीळ, थेंबभर अ‍ॅसिड आणि बारा आठवडे

बोटावर, कोपरावर किंवा तळपायाला खरखरीत उंचवटा दिसला की घरातला प्रत्येक जण एकेक उपाय सुचवतो. कोणी चुना आणि खायचा सोडा कालवून लावायला सांगतं, कोणी घोड्याचा केस आवळून बांधायला, तर कोणी थेट बिब्बा. यातच कधीतरी औषधाच्या दुकानातून सॅलिसिलिक अ‍ॅसिडची अंगठ्याएवढी बाटली घरात येते. आठ दिवस लावून फरक दिसला नाही की ती कपाटात जाऊन पडते आणि ‘या औषधाचा काही उपयोग नाही’ असं घरात ठरून जातं. खरं तर औषधाला पुरेसा वेळच मिळालेला नसतो. काही वेळा तर ते भलत्याच गोष्टीवर लावलेलं असतं.

चामखीळ उष्णतेने होत नाही, रक्त बिघडल्याने होत नाही आणि बेडकाला हात लावल्यानेही होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा विषाणू त्वचेवरच्या बारीकशा ओरखड्यातून आत शिरतो आणि वरच्या थरातल्या पेशी भराभर वाढवतो. नखं कुरतडणाऱ्या मुलांच्या नखांभोवती चामखिळी जास्त दिसतात त्या यामुळेच. एचपीव्ही हे नाव ऐकून अनेक आईवडील हादरतात, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ते जोडलेलं आहे. पण या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्या कर्करोगामागे मुख्यतः 16 आणि 18 क्रमांकाचे प्रकार असतात, तर हातापायांच्या चामखिळींमागे सहसा 1, 2, 4, 27 आणि 57. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ज्या सर्वाव्हॅक लशीला 2022 मध्ये मान्यता मिळाली, ती 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांवर आहे. मुलीला ती जरूर द्यावी, पण बोटावरच्या चामखिळीसाठी ती नाही.

‘अ‍ॅसिड म्हणजे चामखीळ जाळणार’ हा समज सर्वांत घट्ट बसलेला आहे. जळजळ झाली नाही तर औषध लागू पडत नाही, असं वाटून लोक दिवसातून चार-चार वेळा लावतात आणि आजूबाजूची कातडी सोलून घेतात. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं काम वेगळं आहे. त्वचेच्या कडक थरातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा बंध ते सैल करतं, त्यामुळे विषाणूने भरलेला थर मऊ होऊन पापुद्र्यापापुद्र्याने निघतो. विषाणूला ते थेट मारत नाही. होणाऱ्या सौम्य दाहामुळे शरीराची प्रतिकारशक्ती तिकडे वळते, असं मानलं जातं. म्हणूनच या उपचाराला सहज 12 आठवडे लागतात.

किती टक्क्यांचं औषध आहे, हेही पाहायला हवं. मुरुमांसाठीच्या फेसवॉशमध्ये जास्तीत जास्त 2 टक्के अ‍ॅसिड असतं, त्याने चामखीळ हलणार नाही. चामखिळीच्या बाटलीत ते सुमारे 17 टक्के असतं, बहुधा लॅक्टिक अ‍ॅसिडच्या जोडीने. जाड कातडीवर लावायच्या पट्टीत ते 40 टक्क्यांपर्यंत जातं.

लावण्याची पद्धत साधी आहे, पण तीच सर्वाधिक टाळली जाते. रात्री झोपण्यापूर्वी ती जागा पाच मिनिटं कोमट पाण्यात बुडवायची. पांढरी, मऊ झालेली वरची कातडी वेगळ्या ठेवलेल्या कानशीने हलकेच घासायची. ती कानशी पुन्हा नखांना लावायची नाही आणि घरात दुसऱ्या कोणालाही द्यायची नाही. पुसून, भोवतीच्या निरोगी त्वचेवर व्हॅसलिनचं कडं करायचं आणि मधोमध एकच थेंब सोडायचा. तो वाळला की पांढरट पापुद्रा धरतो. दुसऱ्या रात्री तो काढून पुन्हा तेच. दुखलं किंवा लाल झालं तर दोन-चार दिवस थांबायचं. बोटाच्या ठशाच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग जाताना दिसल्या की उपचार संपला. यातलं बरंचसं औषध पटकन पेट घेणाऱ्या द्रावणात बनवलेलं असतं, त्यामुळे गॅस किंवा समईजवळ बाटली उघडू नये.

‘यापेक्षा डॉक्टरकडे जाऊन गोठवून घेतलेलं बरं’ हेही अर्धंच खरं. नेदरलँड्समध्ये 250 रुग्णांवर झालेल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 13 आठवड्यांनी हातावरच्या साध्या चामखिळी गोठवलेल्यांपैकी 49 टक्के, अ‍ॅसिड लावलेल्यांपैकी 15 टक्के आणि काहीच न केलेल्यांपैकी 8 टक्के बरे झाले होते. हातावर गोठवणं सरस ठरलं. तळपायाच्या चामखिळींत मात्र तिन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. ब्रिटनमध्ये 2011 साली 240 जणांच्या तळपायांवर 50 टक्के अ‍ॅसिड आणि गोठवणं यांची तुलना झाली, तेव्हा 12 आठवड्यांनी दोन्हीकडे 14 टक्केच बरे झाले. आकडे तोकडे वाटतात, पण अ‍ॅसिड निरुपयोगी नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात, खोट्या औषधापेक्षा त्याने बरं होण्याचं प्रमाण सुमारे दीडपट आढळलं. शिवाय लहान मुलांतल्या बहुसंख्य चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. न दुखणारी, न वाढणारी चामखीळ असेल तर वाट पाहणं हासुद्धा उपचारच आहे.

‘मूळ उपटल्याशिवाय ती जात नाही’ म्हणून ब्लेडने कोरणं तर पूर्ण बंद व्हायला हवं. चामखिळीला मूळ नसतं, ती त्वचेच्या वरच्याच थरात असते. आत दिसणारे काळे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त. कोरल्याने विषाणू शेजारी पसरतो. चुन्याने कातडी भाजते आणि बिब्ब्याच्या तेलाने फोड येऊन काळे व्रण राहतात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ओळख. मानेवर, काखेत लोंबणाऱ्या मऊ गाठींनाही घरोघरी चामखीळच म्हणतात, पण त्या विषाणूच्या नसतात आणि तिथल्या नाजूक त्वचेवर हे अ‍ॅसिड लावायचंच नाही. तळपायाचं कुरूप सरळ दाबल्यावर दुखतं, चामखीळ सहसा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर. तीळ, जन्मखूण, चेहरा आणि गुप्तांग यांवर हे औषध कधीही वापरू नये. मधुमेह असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल, तर घरी प्रयोग नको. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. डागाचा रंग वा आकार बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा 12 आठवडे नेटाने लावूनही फरक नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो.