सुलभ : दोन्ही अर्थांनी

विजयादशमी समीप आली की घरोघरी खरेदीचे विचार सुरू होतात. पूर्वी या मुहूर्तावर सोने, भांडी, फार तर शिलाई यंत्र घरात येई. आता टॅब्लेट घ्यावा की स्मार्टफोन, आणि त्यांतही कोणता, हा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढेही उभा राहिला आहे.

संस्कृतात ‘सुलभ’ म्हणजे सहज लाभणारे. मराठीत आपण हाच शब्द ‘सोपे’ या अर्थी योजतो. पहिला अर्थ किमतीचा, दुसरा वापराचा. हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत क्वचितच नांदतात, हे या यंत्रांच्या इतिहासावरून ध्यानी येते.

ॲपल कंपनीने २०१० च्या जानेवारीत आयपॅड जाहीर केला. समोर एकच कळ, बाकी सारे बोटाच्या हलक्या स्पर्शावर. तथापि २०११ मध्ये तो भारतात आला तेव्हा त्याची किंमत २७,९०० रुपयांपासून पुढे होती. वापरण्यास सोपा, परंतु लाभण्यास कठीण!

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब्लेटचे अनावरण झाले. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांस पडत होता. परंतु त्याचा पडदा दाबावर चालणारा. बोट नुसते टेकवून भागत नसे. यंत्राची गतीही मंद. २०१२ मध्ये ‘आकाश-२’ आला, तो हलका स्पर्श ओळखणारा पडदा आणि अधिक वेगवान प्रोसेसर घेऊनच. केवळ स्वस्ताई पुरत नाही, हेच यातून सिद्ध झाले.

पुढे २०२१ च्या दिवाळीत ‘जिओफोन नेक्स्ट’ ६,४९९ रुपयांस बाजारात आला. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविण्याची सोय त्यात होती. अल्प किमतीच्या यंत्रातही वापरणाऱ्याची अडचण जाणता येते, हे त्यातून दिसले.

आमच्या थोरल्या भगिनीस तिच्या मुलाने पाडव्याला सर्वांत स्वस्त टॅब्लेट आणून दिला. जाहिराती मध्येच पडदा व्यापीत, जागा संपल्याची सूचना वारंवार येई. चुकून काही दाबले गेले की ती घाबरी होई. अखेर तो कपाटात गेला आणि “माझीच बुद्धी आता चालत नाही,” असे ती म्हणू लागली. दोष यंत्राचा, कमीपणा मात्र माणसाने पत्करला. हे आम्हांस फार लागले. नंतर भाच्याने स्वतःचाच जुना, परंतु चांगला फोन मोठी अक्षरे आणि चारच चिन्हे ठेवून तिच्या हाती दिला. आता रोज सायंकाळी ती परदेशातील नातवाशी स्वतः बोलते.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे एवढेच : किंमत विचारण्यापूर्वी वापरणार कोण आणि कशासाठी, हे ठरवावे. वाचन मुख्य असेल तर मोठ्या पडद्याचा टॅब्लेट बरा. बोलणे आणि घराबाहेरचा वापर असेल तर फोन बरा. पुष्कळ टॅब्लेटमध्ये सिमकार्डाची सोय नसते व बाहेर पडताच त्यांचे इंटरनेट खुंटते, हे आधी पाहून घ्यावे. सुरक्षेची अद्यतने किती वर्षे मिळतील, हेही दुकानदारास विचारावे. आणि पैसे मोजण्यापूर्वी, ज्यांच्यासाठी वस्तू घ्यावयाची त्यांच्या हाती ती पाव तास द्यावी. आपण शेजारी बसावे. शिकवू नये, नुसते पाहावे. त्या पाव तासात त्यांच्या मुद्रेवर जे उमटेल, तेच त्या वस्तूचे खरे मोल.