खोकल्याच्या दोन बाटल्या, एकच घराणं

थंडीची चाहूल लागली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एकाला ‘केमिकलवालं नको, आयुर्वेदिक द्या’ असं हवं असतं. दुसऱ्याचा पाल्यावर काडीचा विश्वास नसतो. पहिला अडुळशाची बाटली घेऊन जातो. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर बहुधा ब्रोमहेक्सिन नाहीतर ॲम्ब्रोक्सॉल असतं. ही दोन्ही औषधं अडुळशाच्याच नात्यातली आहेत, हे सांगितलं तर दोघंही माझ्याकडे संशयाने बघतात.

अडुळसा हे तसं कुंपणाचं झुडूप. शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही, म्हणून ते बांधावर टिकतं. पांढरी फुलं, पाकळीवर जांभळट रेघा. औषध मात्र मुख्यतः पानात, आणि पान मोठं चिवट. कच्चंच कुटलं तर रस निघता निघत नाही. आई पिकायला आलेली पानं तव्यावर मऊ होईपर्यंत शेकायची, पाट्यावर ठेचायची आणि फडक्यात घालून पीळ द्यायची. एवढ्या खटाटोपानंतर वाटीच्या तळाशी हिरवट-काळा रस जमायचा. मध घातला तरी जिभेवरचा कडूपणा हटायचा नाही. शार्ङ्गधरसंहितेतल्या पुटपाकाचं तत्त्वही हेच: पाल्याचा गोळा पानांत गुंडाळायचा, वर मातीचा लेप द्यायचा, विस्तवात भाजायचा आणि मग पिळायचा.

पानातला मुख्य अल्कलॉइड म्हणजे व्हॅसिसिन. त्याचं ऑक्सिडीकरण झालं की व्हॅसिसिनोन तयार होतं. श्वासनलिका सैल करण्याचा गुण या जोडीत प्रयोगांत दिसला आहे. व्हॅसिसिनच्याच रेणूवर बेतून जर्मन रसायनतज्ज्ञांनी ब्रोमहेक्सिन घडवलं आणि 1960च्या दशकात ते बाजारात आलं. त्यात ब्रोमीनचे दोन अणू आहेत, जे अडुळशात नाहीत. म्हणजे ते पानातून काढत नाहीत, कारखान्यात बनवतात. पोटात गेल्यावर शरीर त्याचंच काही अंशी ॲम्ब्रोक्सॉल करतं. चिकट कफ पातळ करून सुटायला मदत करणं, हे दोघांचं काम.

‘झाडपाल्याचंच आहे, त्याने काय होतंय?’ या वाक्याची मात्र मला चीड आहे. व्हॅसिसिन गर्भाशयाचे स्नायूही आकुंचित करतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने त्यावर बरंच काम केलं आणि 1980मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालं. त्यामुळे गरोदर बाईला अडुळशाचा रस घरच्या घरी देऊ नये. बाटलीतला असला तरी नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको. आणि मधुमेह असेल तर लेबलवर साखर किती आहे ते आधी वाचा. गोड सिरप बहुधा साखरेच्या पाकातलं असतं.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला, तर माझ्याकडे तिसरी बाटली मागू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी तिथे मोफत होते.