वाऱ्यांतील नेम आणि छऱ्याची निवड



नेम चुकला म्हणजे नवशिका मनुष्य प्रथम आपल्या हाताला दोष देतो, नंतर बंदुकीला देतो आणि अखेरीस दैवावर हवाला ठेवतो. परंतु उघड्या मैदानावरील चांदमारींत खरे अपराधी पुष्कळदां दोघेच असतात : एक वारा आणि दुसरा नळींत घातलेला छरा. पैकीं वारा आपल्या हातचा नाहीं. छरा मात्र आहे. म्हणून मोकळ्या हवेंत छऱ्याच्या बंदुकीनें नेमबाजीचा अभ्यास करणारानें कोणता छरा निवडावा, आणि कां, याचा आज थोडा विचार करूं.

नेमबाजींत महाराष्ट्राचें नांव आज मोठें आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें ५० मीटर रायफलचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें १० मीटर एअर रायफलचे जगज्जेते झाले. १ ऑगस्ट २०२४ रोजीं राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक जिंकलें. अशा वार्ता ऐकून खेड्यापाड्यांतील मुलामुलींना आपणहि नेम धरावा असें वाटलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु बालेवाडीसारखें बंदिस्त मैदान प्रत्येक गांवीं कोठून असणार ? शिरवळसारख्या गांवांतला मुलगा शेताच्या बांधापाशीं कागदाचें निशाण लावतो आणि नीरेवरून येणाऱ्या वाऱ्यांत सराव करतो. छरा डावीकडे गेला कीं तो माशी सरकवतो. उजवीकडे गेला कीं खांदा बदलतो. तिसऱ्या खेपेस श्वास धरण्याची रीत बदलतो. वाऱ्यानें केलेली चूक तो आपल्या अंगीं लावून घेतो. सहा महिन्यांनीं वाईट संवयी मात्र पक्क्या झालेल्या असतात आणि आपल्याला ही विद्या येणार नाहीं अशी त्याची खात्री होते. चांगला नेमबाज असा वायां जाऊं नये, एवढ्यासाठींच हें विवेचन.

प्रथम वाऱ्याची शक्ति केवढी आहे तें पाहूं. १० मीटर एअर रायफलच्या निशाणावर १० गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलीमीटर व्यासाचा असतो, आणि पुढचें प्रत्येक वर्तुळ आधींच्या वर्तुळापासून अडीच मिलीमीटर अंतरावर असतें. स्पर्धेच्या रायफलींतून चपट्या डोक्याचा छरा सेकंदाला सुमारें १७० मीटर वेगानें सुटतो. सेकंदाला १ मीटर एवढी आडवी झुळूक असली, म्हणजे जिच्यानें उदबत्तीचा धूर नुसता कलतो एवढीच, तरी हिशोबानें हा छरा सुमारें साडेतीन मिलीमीटर सरकतो. म्हणजे एका वर्तुळाहून अधिक. झाडाचीं पानें सळसळूं लागलीं, वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर झाला, कीं तोच छरा जवळजवळ १ सेंटीमीटर दूर जातो. म्हणजे चार वर्तुळें गेलीं. १० मीटरच्या स्पर्धा बंदिस्त जागेंत कां घेतात, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां छरा वाऱ्यानें सरकतो तो कसा ? सामान्य समजूत अशी कीं, जितका वेळ छरा हवेंत, तितका वेळ वारा त्याला लोटणार. म्हणून वेग वाढवावा, छरा हलका घ्यावा. ही समजूत अर्धवट आहे. एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच तोफखान्याचे अधिकारी दिदियों यांच्या नांवानें ओळखला जाणारा नियम असा : वाऱ्यामुळें होणारें विचलन म्हणजे वाऱ्याचा आडवा वेग गुणिलें छऱ्याला वाटेंत झालेला उशीर. उशीर म्हणजे सबंध प्रवासाचा वेळ नव्हे. हवेचा अडथळा मुळींच नसता तर छरा जितक्या वेळांत पोंचला असता, त्याहून जो अधिक वेळ लागला तेवढाच.

एक उदाहरण घ्या. पुण्याहून निघालेली एस. टी. मोकळा रस्ता मिळाल्यास शिरवळास एका तासांत येते असें धरा. वाटेंत गर्दी लागली आणि तिला एक तास दहा मिनिटें लागलीं. तर वाऱ्याचा हक्क त्या सबंध तासावर नाहीं. वरच्या दहा मिनिटांवर आहे. याचें कारण असें कीं, उडतां उडतां छरा आपलें तोंड समोरून येणाऱ्या हवेकडे, म्हणजे किंचित् वाऱ्याच्या बाजूला, वळवून घेतो. हवा त्याला मागें ओढते ती ओढ मग सरळ रेषेंत न राहतां थोडी तिरपी पडते, आणि त्या तिरप्या ओढीनें तो बाजूला जातो. ओढच कमी असेल तर सरकणेंहि कमी. तात्पर्य, वाऱ्यांत चांगला छरा तो, जो आपला वेग राखतो. नुसता वेगानें सुटतो तो नव्हे.

वेग राखणें हें दोन गोष्टींवर अवलंबून आहे : आकार आणि वजन.

आकाराचा विचार आधीं करूं. एअर रायफलचा छरा शिशाचा, कमरेशीं बारीक आणि मागें घेर असलेला असतो. पुढें डोकें, मध्यें कंबर, मागें पोकळ घेर. बंदूक उडतांच हवेच्या दाबानें घेर फुलतो आणि नळीच्या आंट्यांना घट्ट लागतो, त्यामुळें हवा वायां जात नाहीं आणि छऱ्याला फिरकीहि मिळते. पुढें हवेंत हाच घेर बॅडमिंटनच्या फुलाच्या पिसांप्रमाणें छऱ्याचें तोंड पुढें ठेवतो. डोक्याचे मुख्य प्रकार दोन. चपट्या डोक्याचा छरा कागदाला स्वच्छ गोल भोंक पाडतो, गुण मोजणें सोपें जातें; म्हणून १० मीटरच्या स्पर्धेंत तोच वापरतात. परंतु चपटें डोकें हवा फार ढकलतें. गोल, घुमटासारख्या डोक्याचा छरा हवेंतून सुखानें जातो. दोन्ही सेकंदाला २४० मीटर वेगानें सोडले आणि निशाण २५ मीटरवर असलें, तर ३ मीटरच्या आडव्या वाऱ्यांत गोल डोक्याचा छरा साधारण २७ मिलीमीटर सरकतो, चपटा जवळजवळ ५० मिलीमीटर. टोंकदार छरे दिसावयास बाणासारखे असतात, पण त्यांचें टोंक अगदीं मध्यावर येणें कठीण असल्यानें ते बहुधा एका जागीं पडत नाहींत. म्हणून नियम सोपा आहे : बंदिस्त जागेंत १० मीटरला चपटा, मोकळ्या हवेंत व दूरच्या निशाणाला गोल.

आतां वजन. समजा, आपल्या बंदुकीची शक्ति १६ जूल आहे. तिच्यांतून अर्ध्या ग्रॅमचा गोल छरा सुमारें २५३ मीटर वेगानें निघेल, आणि त्याच आकाराचा ०.६७ ग्रॅमचा जड छरा सुमारें २१८ मीटर वेगानें. २५ मीटर अंतर कापावयास हलक्याला सेकंदाचे १०८ सहस्रांश लागतात, जडाला १२२. म्हणजे जड छरा उशीरां पोंचतो. तरीहि ३ मीटरच्या वाऱ्यांत हलका सरकतो २८ मिलीमीटर आणि जड सरकतो २४ ! जड छरा मुळांत मंद, पण वाटेंत कमी थकतो. वर सांगितलेल्या नियमाचा हा पडताळा होय.

मग सर्वांत जड तोच घ्यावा काय ? नव्हे. त्याच हिशोबांत २५ मीटरवर हलका छरा गुरुत्वाकर्षणानें ५७ मिलीमीटर खालीं येतो, जड ७३. निशाणाचें अंतर नक्की ठाऊक असेल तर मागची खाच तेवढी वर घेतां येते. अंतर अंदाजानें धरावयाचें असेल तर जड छऱ्याची चूक मोठी पडते. शिवाय स्प्रिंगच्या बंदुकींत फार जड छरा नळींतून निघावयास वेळ लावतो, तोंपर्यंत बंदुकीचा धक्का नेम हलवितो. उलट फार हलका छरा ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास नेला, तर हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि तो डळमळूं लागतो. म्हणून साधारण शक्तीच्या ४.५ मिलीमीटर बंदुकीला सुमारें ०.५५ ग्रॅमचा गोल छरा मध्यममार्गी ठरतो. शिशावांचून केलेले कथलाचे छरे प्रकृतीला बरे, पण हलके असल्यानें वाऱ्यांत अधिक वाहतात, हेंहि लक्षांत ठेवावें.

आकार आणि वजन समजलें तरी एक गोष्ट उरते, आणि ती या सर्वांहून मोठी आहे. छरा आपल्या नळीला मानवला पाहिजे. एकाच कारखान्याच्या दोन नळ्या सारख्या नसतात. म्हणूनच चांगल्या छऱ्यांच्या डब्यांवर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असा मिलीमीटरच्या शतांशापर्यंत छापलेला असतो. जो छरा शांत हवेंतच ३० मिलीमीटर पसरतो, तो वाऱ्यांत ४ मिलीमीटर कमी सरकतो म्हणून घेण्यांत काय अर्थ ? यास्तव आधीं पुंजका, मग वारा.

पुंजका पाहण्याची रीत अशी. पहांटे, हवा स्थिर असतां, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवावी. स्प्रिंगची असल्यास पिशवीवर तळहात ठेवून त्यावर हलकेंच विसांवावी. तीनचार प्रकारच्या डब्या घ्याव्या. एकट्यास परवडत नसल्यास चौघांनीं मिळून घ्याव्या. प्रकार बदलला कीं पहिले दहा छरे मोजूं नयेत. नळी त्यांना सरावूं द्यावी. मग पांच पांच छऱ्यांचे पांच पुंजके काढावे आणि पांचांची सरासरी पाहावी. एकच सुंदर पुंजका पाहून भुलूं नये. तो योगायोग असूं शकतो. परीक्षेच्या एका पेपरावरून विद्यार्थ्याची योग्यता ठरत नाहीं, तसेंच हें. डबी निवडल्यावर प्रत्येक छरा उजेडांत पाहून घेर चेपलेला असल्यास बाजूला टाकावा. शिसें मऊ असतें. डबी खिशांत खुळखुळत नेली कीं निम्मे छरे बिघडतात.

राहिला वारा वाचण्याचा प्रश्न. त्याला यंत्र नको. धूर कलतो पण पानें हलत नाहींत, तर वेग दीड मीटरच्या आंत. वारा तोंडाला जाणवतो व पानें सळसळतात, तर दीड ते सव्वातीन. बारीक डहाळ्या सारख्या हलतात आणि पताका फडफडते, तर साडेतीन ते साडेपांच. धूळ व कागद उडूं लागले तर त्याहून अधिक. त्या वेळीं बंदूक पिशवींत ठेवावी. वारा निशाणाच्या रेषेला काटकोनांत असेल तर पूर्ण परिणाम, ४५ अंशांत असेल तर सुमारें सात दशांश, आणि ३० अंशांत असेल तर अर्धा. नळीच्या तोंडाजवळचा वारा निशाणाजवळच्या वाऱ्यापेक्षां अधिक घातक, कारण सुरवातीला पडलेला तिरपेपणा पुढें सबंध वाटेवर वाढत जातो. म्हणून आपल्या शेजारीं आणि मध्यावर काठीला लोंकरीचा धागा बांधावा; निशाणाजवळचा एकटा धागा पुरेसा नाहीं.

सातारा जिल्ह्याचा वारा कांहीं लहान नव्हे. चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या त्या त्याच्याच जोरावर. शिरवळ सखल भागीं आहे, तरी पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा येथेंहि दिवसभर वाहतो, आणि उन्हाळ्यांत दुपारीं जमीन तापली कीं झोताझोतानें दिशा बदलतो. म्हणून हाताची परीक्षा पहांटे घ्यावी आणि वाऱ्याचा अभ्यास सायंकाळीं करावा. दोहोंची सरमिसळ करूं नये. पहांटेचा पुंजका बिघडला तर दोष आपला किंवा छऱ्याचा. सायंकाळीं पुंजका तसाच राहून नुसता सरकला, तर दोष वाऱ्याचा. त्या वेळीं माशीला हात न लावतां नेम वाऱ्याच्या बाजूला धरावा.

आणखी चार शब्द बोलणें अवश्य आहे. छरा लहान म्हणून खेळणें समजूं नये. तो डोळा फोडतो. निशाणामागें मातीचा जाड बांध किंवा वाळूची पेटी असावी. दगड अथवा लोखंडी पत्रा नको, कारण छरा उलटून येतो. डोळ्यांवर चष्मा असावा. छरे तोंडांत धरण्याची मुलांना खोड असते, ती मोडावी. शिसें विष आहे. सराव झाल्यावर साबणानें हात धुवावे. ४.५ मिलीमीटरहून मोठ्या नळीच्या किंवा २० जूलांहून अधिक शक्तीच्या हवाबंदुकीला आपल्या देशांत परवाना लागतो. आणि पांखरांवर नेम धरणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा आहेच, परंतु कायदा नसता तरीहि ज्याला कागदावरचा ठिपका साधतो त्याला चिमणी मारण्यांत कसला पुरुषार्थ ?

नवी बंदूक मागणाऱ्या मुलाला पालकांनीं आधीं दोन निराळ्या डब्या आणि एक लोंकरीचा धागा आणून द्यावा. थोडक्या खर्चांत त्याला कळेल कीं आपला हात कोठें चुकतो आणि वारा कोठें चुकवितो. हा भेद ज्याला समजला, त्याचा हात पुढें कोणत्याहि मैदानावर स्थिर राहील.