उपकारस्तुती, लेखांक सहावा : प्लेगच्या साली उभे राहिलेले क्रूस

गेल्या आठवड्यात ही लेखमाला ८८व्या स्तोत्रापाशी थांबली होती. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. त्यातली बहुतेक गाऱ्हाणी रडूनभेकून शेवटी स्तुतीकडे वळतात, ८८वं मात्र अंधारातच संपतं. मग अशा काळात देवाचे आभार मानायचे तरी कशाबद्दल, हा प्रश्न तिथं उरला होता. त्याचं एक उत्तर गिरगावात चुन्यादगडात उभं आहे.

सप्टेंबर १८९६. मुंबईतल्या मांडवीच्या दाट वस्तीत माणसं तापानं फणफणत होती, जांघेत आणि काखेत गाठी येत होत्या. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगी तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं. व्हिएगस मूळचे गोव्याचे, कॅथलिक. शहरात आधी कुणाला ते पटेना. पटलं तेव्हा शहर पळत सुटलं. पुढच्या काही महिन्यांत साडेतीन लाखांहून जास्त माणसं मुंबई सोडून गेली. १८९१च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१मध्ये ७,७६,००६ वर आली. वाढण्याचीच सवय असलेल्या मुंबईनं ही उतरण पाहिली.

रोगाइतकीच भीती सरकारी उपायांची होती. घरात शिरून झडती, भिंतींना चुना, रोग्याला उचलून इस्पितळात. २९ ऑक्टोबर १८९६ला गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तिथं नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्रीच झाली होती. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच.

याच दिवसांत मुंबईतल्या ईस्ट इंडियन वाड्यांमध्ये आणि गावठाणांमध्ये क्रूस उभे राहू लागले. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसई पट्ट्यातले पोर्तुगीज काळापासूनचे मराठीभाषक कॅथलिक. हे नाव त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७मध्ये घेतलं. गिरगाव, माझगाव, वांद्रे या भागांत गल्लीच्या तोंडाशी, घराच्या ओट्यालगत, वाडीच्या मोकळ्या जागेत क्रूस दिसतात. सगळेच प्लेगचे नाहीत, काही त्याआधीचे आहेत. पण प्लेगच्या वर्षांत त्यांत मोठी भर पडली. काही क्रूस ‘आमच्यावर येऊ देऊ नकोस’ म्हणून उभे केलेले, तर काही ‘आम्हाला वाचवलंस’ म्हणून.

गिरगावातल्या खोताच्या वाडीतलं छोटं चॅपल दुसऱ्या प्रकारातलं. प्लेगातून वाचल्याबद्दल रहिवाशांनी ते १८९९मध्ये बांधलं.

या सालाकडे जरा नीट पाहायला हवं. १८९९मध्ये प्लेग संपलेला नव्हता. त्यानंतरही कित्येक वर्षं तो हिवाळा लागला की परतायचा आणि मार्च-एप्रिलपर्यंत माणसं न्यायचा. म्हणजे वाडीनं आभार मानले ते साथीच्या ऐन मध्यावर. पुढच्या वर्षी आपल्यातलं कोण उरेल, याची बांधणाऱ्यांपैकी कुणालाच हमी नव्हती. काम झाल्यावर द्यायची पावती असं काही हे नव्हतं. पौलानं फिलिप्पैकरांना आनंद करण्याविषयी लिहिलं ते कैदेतून, खटल्याचा निकाल लागण्याआधी. हा क्रम ख्रिस्ती परंपरेत जुनाच आहे.

आभार मानण्याची रीतही ठरलेली असे. मे महिना क्रूसाचा. जुन्या पंचांगात क्रूसाचा सण ३ मेला येई. मुंबईत प्लेगही साधारण तेव्हाच ओसरू लागे, त्यामुळे त्या वर्षांत हा सण वाचलेल्यांची मोजदाद करणारा ठरला असणार. क्रूसाला रंग काढायचा, चौथरा धुवायचा, झेंडूचे हार, मेणबत्त्या. संध्याकाळी लदीन. आधी रोझरी, मग संतांच्या नावांची लांबलचक माळ. एक जण नाव घेतो आणि बाकीचे एका सुरात विनंती करतात. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, पोरं मागे चुळबुळत. त्यांचं लक्ष शेवटाकडे असतं, कारण लदीन संपली की उकडलेले चणे वाटतात, वर खोबऱ्याचे तुकडे. मोठ्यांना वाइनचा घोट. ज्याला त्या दिवशी आतून काही आभार वाटत नसतील, तोही चणे घेऊन शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो. मन तयार होण्याची वाट या रीतीनं कधी पाहिली नाही, आणि ती टिकली याचं मोठं कारण बहुधा हेच.

इथं एक अडचण आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. ‘देवानं आम्हाला वाचवलं’ असं एका दारात म्हणताना शेजारच्या दारातून तिरडी निघालेली असते. त्या घराला देवानं का वगळलं? ज्याला सुटका मिळाली त्याचे आभार फार लवकर फुशारकीत बदलतात. आजच्या कित्येक ‘साक्षीं’त तो सूर कानाला खटकतो. लदीनमध्ये मृतांसाठीही प्रार्थना होते. गेलेल्यांना बाजूला ठेवून तिथं स्तुती होत नाही. प्रश्न त्यानं सुटत नाही, पण ती प्रार्थना वाचलेल्याला मान खाली घालायला लावते.

आणि क्रूसापुढे हात जोडले म्हणून औषध नाकारलं, असंही समीकरण मांडायचं कारण नाही. निदान करणारे व्हिएगस स्वतः श्रद्धावान समाजातले. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७मध्ये आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये, म्हणजे खोताच्या वाडीतल्या चॅपलच्याच साली, त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. ही वास्तू मुळात जेझुइट पाद्र्यांची, इंग्रजांनी ती १७१९मध्ये ताब्यात घेतली होती. आज तिथं हाफकिन संस्था आहे.

२०२०च्या मे महिन्यात या क्रूसांपुढे गर्दी करणं शक्य नव्हतं. मार्चपासूनच चर्चं भाविकांसाठी बंद होती आणि १२ एप्रिलचा ईस्टर लोकांनी पडद्यावर पाहिला होता. चणे वाटण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा पुष्कळांना हे क्रूस कोणत्या काळात उभे राहिले, ते नव्यानं आठवलं.

मराठी प्रॉटेस्टंट घरांमध्ये स्तुतीची वेगळी वाट पडली, अभंगाची आणि ओवीची. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला, प्लेगच्या दीड वर्ष आधी. ९ मे १९१९ला ते मुंबईतच वारले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट होतं. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते कसं हाती घेतलं, हे पुढच्या आठवड्यात पाहू.